टोपणातलं पाणी

सकाळी पेन उघडून तारीख लिहिली की पहिले दोन आकडे फिके उमटायचे आणि महिन्याच्या आकड्यापर्यंत येईतो शाई पुन्हा गडद व्हायची. एखाद्या दिवशी असं झालं तर माणूस लक्ष देत नाही. पण मी एका शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते आणि माझं दिवसातलं पहिलं काम म्हणजे नोंदवहीत तारीख, खोलीचं तापमान आणि हवेतली आर्द्रता लिहिणं. सात दिवसांच्या तारखा एकाखाली एक आल्या तेव्हा डाव्या समासालगत फिकट निळ्या आकड्यांची एक उभी पट्टीच दिसायला लागली. तापमानाचे आकडे गडद, आर्द्रतेचे गडद, फक्त तारखेची सुरुवात पाणचट.

शाईत पाणी मिसळत होतं, हे उघड होतं. शाईची बाटली तपासली, दुसऱ्या पेनात तीच शाई भरून लिहिलं, तिथे पहिल्या अक्षरापासून रंग नीट येत होता. म्हणजे बाटली ठीक होती. मग आठवलं की आठ दिवसांपूर्वी शाई बदलायची म्हणून हे पेन मी धुतलं होतं. पारदर्शक, पिस्टनवालं फाउंटन पेन आहे. पोट (शाई भरतात तो भाग), निब, फीड (निबेला शाई पुरवणारा तिच्याखालचा भाग) सगळं साफ केलं आणि त्याच झपाट्यात टोपणही नळाखाली धरलं. झटकलं, आतून कापूस फिरवला, रात्रभर उघडं ठेवलं, सकाळी शाई भरून लिहायला लागले. वरून पाहिलं तर सगळं कोरडं ठणठणीत होतं.

टोपण खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरलं. हळूहळू तिरकं केलं. क्लिपच्या मुळाशी, दोन भिंतींच्या मधे, एक चमकदार कडा जराशी सरकली आणि थांबली. पुन्हा तिरकं केलं, पुन्हा सरकली. ती हवेच्या बुडबुड्याची कडा होती, आणि बुडबुडा दिसतो याचा अर्थ त्याच्या भोवती पाणी आहे.

टोपण बाहेरून एकसंध नळकांडं दिसत असलं तरी बहुतेक चांगल्या पेनांत त्याच्या आत आणखी एक छोटं टोपण बसवलेलं असतं. पेन बंद केलं की या आतल्या टोपणाची कड निबेच्या मागे, जिथे आपण बोटं धरतो त्या भागाच्या काठावर टेकते आणि निबेभोवती एक लहानशी बंद खोली तयार होते. निब वाळत नाही ती त्यामुळे. पण बाहेरचं टोपण आणि आतलं टोपण यांच्यामधे एक बारीक फट उरते. तिचं वरचं टोक बंद असतं, खालचं उघडं. पाणी एकदा तिथे गेलं की आपल्या हाताशी काहीच येत नाही. कापूस फिरतो तो आतल्या टोपणाच्या आत. फटीपर्यंत तो पोचतच नाही.

आधी मलाही वाटलं होतं की ही नुसती वाफ असेल. शाई म्हणजे बहुतांश पाणी, पेन दिवसभर अंगाजवळच्या खिशात गरम होतं, मग थंड ओट्यावर ठेवलं जातं, वाफ थंड भिंतीवर जमते. हे खरंही आहे. पारदर्शक टोपणावर आतून धूसर पडदा दिसतो तो याचाच, आणि त्याची काळजी करू नये. पण थेंबाचं काय? मी हिशोब मांडून पाहिला. टोपणाच्या आतल्या बंद जागेत धरा २ मिलिलिटर हवा मावते. २५ अंश सेल्सिअसला वाफेने पूर्ण भरलेल्या एका घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं. म्हणजे २ मिलिलिटर हवेत जेमतेम ०.०५ मिलिग्रॅम. पाण्याचा एक साधा थेंब असतो सुमारे ५० मिलिग्रॅमचा. हजारपट फरक. टोपणातल्या हवेतून एका रात्रीत थेंब तयार होऊ शकत नाही. निब गरम आणि टोपणाचं टोक गार अशी स्थिती दिवसचे दिवस टिकली तर निबेतलं पाणी हळूहळू उडून टोकाशी जमेल, पण त्याला तितके दिवस लागतील. तेव्हा टोपणात सरकणारं पाणी दिसलं तर ते एक तर धुताना गेलेलं असतं, नाही तर शाई गळून गेलेली असते. यातलं कोणतं ते टिश्यूचा कोपरा लावला की कळतं. माझ्या टिश्यूवर फिकट निळा डाग आला. जुनी वाळलेली शाई आणि नळाचं पाणी, दोन्ही एकत्र.

टोपणात शाई साचण्याचं दुखणं फाउंटन पेनाइतकंच जुनं आहे. जॉर्ज पार्कर हा गृहस्थ तारायंत्र शिकवणारा शिक्षक होता, आपल्या विद्यार्थ्यांची गळकी पेनं दुरुस्त करता करता पेनांच्या धंद्यात आला आणि १८८८ साली त्याने स्वतःची कंपनी काढली. १८९४ मध्ये त्याने ‘लकी कर्व्ह’ नावाच्या फीडचं पेटंट घेतलं. त्या काळी पेन खिशात उभं ठेवलं की फीडमध्ये थोडी शाई अडकून राहायची. अंगाच्या उबेने पोटातली हवा फुगायची आणि ती अडकलेली शाई टोपणात ढकलायची. पेन उघडलं की बोटं काळी. पार्करने फीडचं मागचं टोक वाकवून पोटाच्या भिंतीला टेकवलं, म्हणजे अडकलेली शाई त्या वाकड्या वाटेने भिंतीवर ओढली जाईल आणि परत पोटात उतरेल. मला हा उपाय फार आवडतो. त्याने शाईला अडवलं नाही, तिला जायला वाट करून दिली. पुढे मी जे काही केलं त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

दुसऱ्या टोकाला आजची टोपणं. प्लॅटिनम या जपानी कंपनीने २०११ मध्ये ३७७६ सेंच्युरी हे पेन काढलं, त्यात आतलं टोपण स्प्रिंगवर बसवलेलं आहे. पेन बंद करताना स्प्रिंग दाबली जाते आणि निबेभोवतीची जागा घट्ट बंद होते. कंपनी सांगते की शाई भरलेलं पेन २४ महिने न वापरता ठेवलं तरी लिहितं. शाईच्या दृष्टीने उत्तमच. पण जे टोपण आतली ओल बाहेर जाऊ देत नाही ते धुतल्यावर राहिलेली ओलही बाहेर जाऊ देणार नाही. टोपण जितकं चांगलं, तितकं ते धुताना जपायला हवं.

तर पाणी काढायचं कसं? पहिला सल्ला मला नववीतल्या एका मुलीने दिला. ती माझ्या टेबलापाशी बाटल्यांची लेबलं चिकटवत होती. मी टोपण उजेडात धरून बसलेली पाहून म्हणाली, “बाई, उलटं ठेवा की. आपोआप निथळेल.”

मी तिला काचेच्या दोन पट्ट्या आणायला सांगितल्या. त्यांच्यामधे एका कडेला कागदाची घडी घातली, दुसऱ्या कडेला पट्ट्या एकमेकींना टेकवल्या, रबरबँड लावला आणि खालची कड रंगीत पाण्यात बुडवली. कागदाच्या बाजूला पाणी जेमतेम चढलं. पट्ट्या टेकल्या होत्या त्या बाजूला सरसर वर गेलं आणि सुंदर वाकडी रेघ उमटली. फट जितकी बारीक तितकं पाणी उंच. हेच केशाकर्षण. स्वच्छ काचेच्या दोन पट्ट्यांमधे एक दशांश मिलिमीटर फट असेल तर पाणी सुमारे १५ सेंटिमीटर चढून तिथेच थांबतं. प्लॅस्टिकवर पाणी काचेइतकं पसरत नाही म्हणून तिथे हा आकडा कमी भरतो, पण टोपणाची लांबी ती किती? सहा सेंटिमीटर. शिवाय साबण किंवा शाई असेल तर पाणी प्लॅस्टिकलाही चांगलं धरून बसतं. मी पट्ट्या पाण्याबाहेर काढून उभ्या धरल्या. टेकलेल्या कडेतलं पाणी खाली आलं नाही.

“मग वाळेल तरी कसं?” तिने विचारलं. मला उत्तर ठाऊक नव्हतं, पण टोपण किती वाळलं हे कळायचा मार्ग होता. प्रयोगशाळेत ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू आहे.

त्या दिवशी टोपण ९.५० ग्रॅम भरलं. सुटीच्या आधीच्या एका नोंदीत याच पेनाचे सगळे भाग मी वजन करून लिहून ठेवले होते (मला सवय आहे), त्यात टोपण ९.४२ होतं. आता प्रयोगच करायचा म्हणून टोपण पुन्हा पूर्ण ओलं केलं, झटकलं, आतून-बाहेरून पुसलं: ९.५८. म्हणजे नेहमीसारखं नीट पुसल्यानंतरही १६ शतांश ग्रॅम पाणी आत, तीन थेंबांच्या वर. मग ते तोंड खाली करून जाळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ९.५५. तिसऱ्या दिवशी ९.५३. दहाव्या दिवशी ९.५०, आणि तिथे ते जणू रुतूनच बसलं.

असं का होतं हे आकड्यांकडे पाहिलं की समजतं. सुरुवातीला पाणी फटीच्या तोंडाशी असतं, हवा लागते, भराभर उडतं. मग पाण्याची कड आत सरकते. आता वाफेला त्या अरुंद फटीतून दोन सेंटिमीटर वाट काढत यायचं असतं, तेही वारा नसताना. जितकं पाणी उडतं तितकी उरलेल्या पाण्याची वाट लांबते. हवा दमट असेल तर आणखीच हळू. “दोन दिवस उघडं ठेवा, वाळेल” हे टोपणाच्या बाबतीत खरं नाही. निबेच्या बाबतीत असेल, पोटाच्याही असेल. टोपणाला दहा दिवसही पुरत नाहीत.

आणि एवढे दिवस ओल आत राहणं बरं नाही. तारीख फिकी उमटणं हा त्यातला सगळ्यात किरकोळ त्रास. क्लिप टोपणाच्या आत ज्या पट्टीवर किंवा स्प्रिंगवर बसलेली असते ती पोलादाची असली आणि तिचा मुलामा कुठे उडालेला असला तर गंज धरतो, आणि त्या गंजाचा तांबूस डाग पारदर्शक टोपणात कायमचा दिसत राहतो. त्याहून वाईट म्हणजे बुरशी. बंद, ओलसर, अंधारी जागा आणि पाण्यामुळे पातळ झालेली शाई. शाईत बुरशी होऊ नये म्हणून औषध घातलेलं असतं, पूर्वी फिनॉल सर्रास घालत. पण दहापट पाणी मिसळलेल्या शाईत ते औषधही दहापट पातळ होतं. टोपणात एकदा बुरशी धरली की ती निबेवर येते, निबेवरून फीडमध्ये आणि तेच पेन बाटलीत बुडवलं की बाटलीत. पेन उघडल्यावर कुबट वास आला तर ते पेन बाटलीजवळ नेऊ नका, आधी टोपण पाहा.

आता पाणी काढण्याकडे येते.

फटीतलं पाणी फटीने धरून ठेवलेलं आहे. ते सोडवायचं तर त्या फटीहूनही बारीक फटी असलेलं काहीतरी त्याला भिडवायला हवं. असं काय असतं? कागद. टिपकागद, गाळणकागद, टिश्यू, हे सगळे धाग्यांमधल्या अतिशय बारीक फटींनी बनलेले असतात. पाणी नेहमी रुंद फटीतून बारीक फटीत ओढलं जातं. म्हणून गाळणकागदाची टोकदार पट्टी कापून आतल्या टोपणाच्या कडेला, अगदी फटीच्या तोंडावर टेकवली की पाणी कागदात चढताना डोळ्यांना दिसतं. निळी जीभ कागदावर वर सरकते. पट्टी भिजली की नवी.

पण पाणी फटीच्या तोंडाशी असेल तरच हे जमतं. आत खोल असेल तर कागद कोरडाच परत येतो. तिथे टिश्यू उपयोगी पडला. टिश्यूचे पदर सोडवायचे. दोन पदरांचा असतो, कधी तीन. एकच पदर घ्यायचा; तो इतका पातळ असतो की त्यातून बोटांच्या रेषा दिसतात. त्याची अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टी कापायची, तिचं टोक प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर धरायचं (मी जुन्या फाइलच्या कव्हरातून कापलेली पट्टी वापरली) आणि अलगद फटीत सरकवायचं. जोर करायचा नाही. जिथे जाईल तिथेच घालायचं, कारण फट सगळीकडे सारखी नसते, क्लिपच्या बाजूला बहुधा थोडी मोकळी असते. पट्टी आत ओली होते, बाहेर राहिलेल्या भागातून पाणी उडतं, त्याच्या जागी आतून नवं पाणी येतं. ती तशीच अर्धा तास राहू द्यायची. ओला टिश्यू ओढताना तुटतो, म्हणून तो निघेपर्यंत खालची प्लॅस्टिकची पट्टी काढायची नाही. दोन्ही मिळून बाहेर घ्यायचं. एकदा माझा तुकडा आत राहिला आणि तो काढायला संध्याकाळ गेली.

दुसरा उपाय गोल फिरवण्याचा. जुना, स्वच्छ पायमोजा घ्या. त्याच्या बोटांकडच्या टोकात टिश्यूचा बोळा कोंबा, त्यावर टोपण ठेवा, टोपणाचं तोंड बोळ्याकडे. पायमोज्याला टोपणाच्या मागे घट्ट गाठ मारा. मग मोकळ्या जागी उभं राहून, वरचं टोक मुठीत पक्कं धरून, गोफणीसारखा फिरवा. हातापासून टोपण ४० सेंटिमीटरवर असेल आणि सेकंदाला दोन फेरे होत असतील तर आतल्या पाण्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सहापटीहून जास्त ओढ बसते. सहा सेंटिमीटरचं पाणी मग ३६ सेंटिमीटरच्या पाण्याएवढं जड होतं, आणि फटीची पकड त्यापुढे टिकत नाही. वीस-तीस फेरे पुरतात. उघडल्यावर बोळ्यावर निळा गोल डाग पाहिला तेव्हा मला इतका आनंद झाला की तो बोळा मी त्या नववीतल्या मुलीला नेऊन दाखवला.

मी हे दोन्ही आळीपाळीने केलं. आधी फिरवायचं म्हणजे पाणी तोंडाशी येतं, लगेच गाळणकागद टेकवायचा, मग टिश्यूची पट्टी, पुन्हा फिरवायचं. मधे रबरी फुग्याने फटीच्या तोंडाशी जोरात हवा मारायची. त्याने आत तुटून पडलेले थेंब एकमेकांना मिळतात. तासाभरात टोपण ९.५० वरून ९.४४ वर आलं. दहा दिवस जाळीवर ठेवून जे झालं नव्हतं ते एका तासात.

उरलेले दोन शतांश सिलिका जेलने. झाकण घट्ट बसणारी बरणी, तळाशी जेलचे कोरडे खडे, त्यांवर कागद आणि कागदावर टोपण. जेल रंग बदलणारं असेल तर बरं, ओलं झालेलं कळतं. जुनं निळं जेल ओल शोषली की गुलाबी होतं. त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते हाताळायला चांगलं नाही, म्हणून नारंगी जेल वापरा. चार दिवसांनी वजन ९.४२. पाचव्या दिवशीही ९.४२. दोन दिवस वजन बदललं नाही की कोरडं झालं असं मी मानते. तराजू नसेल तर बरणीतून काढलेलं टोपण रात्रभर बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून सकाळी आत कोरड्या टिश्यूची वळकटी फिरवून पाहा. ही परीक्षा ढोबळ आहे, पण काहीच न करण्यापेक्षा बरी.

गरम हवेचं काय, असं विचारलं जातं. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा टोपणावर सोडू नका. सेल्युलॉइड उष्णतेने मऊ पडतं आणि ते पेटणारं द्रव्य आहे. जुन्या पेनांतले सांधे लाखेने जोडलेले असतात, ती सुटते. साधं प्लॅस्टिकही इतकं वाकतं की आटे बसेनासे होतात, आणि आटे गेले की टोपण गेलं. पंख्याची साधी हवा चालेल. स्पिरिट घालून पाणी लवकर उडवायची युक्ती प्रयोगशाळेत आम्ही काचेच्या भांड्यांसाठी रोज करतो, पण ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटला अल्कोहोलने केसासारख्या भेगा पडतात. उजेडात धरलं की त्या जाळीसारख्या चमकतात. एकदा पडल्या की जात नाहीत. अमोनियाच्या पाण्याने शाई छान निघते, पण पितळी भाग असतील तर तेही नको.

आणि टोपण कशाचं आहे हे माहीत नसेल तर ते पाण्यात बुडवून ठेवू नका. हे मी अनुभवाने सांगते. ताईने मला तिचं काळं एबोनाइटचं पेन दिलं होतं. तिने त्याने वीस वर्षं लिहिलं. टोपणात वाळलेली शाई होती म्हणून मी ते रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं. सकाळी पाण्यातून काढलं तर टोपण काळं राहिलं नव्हतं. शेवाळी तपकिरी, निस्तेज, हाताला किंचित खरखरीत. पोट तसंच काळं कुळकुळीत, आणि त्यावर हे टोपण दुसऱ्याच पेनाचं वाटत होतं. रबरात भरपूर गंधक मिसळून ते तापवून एबोनाइट करतात. उजेड आणि पाणी लागलं की पृष्ठभागावरच्या गंधकावर हवेतल्या प्राणवायूची क्रिया होते आणि काळा रंग मरतो. कोमट पाण्याने ते आणखी लवकर होतं. रसायनशास्त्र मला येत होतं. पेन एबोनाइटचं आहे हेही ठाऊक होतं. या दोन गोष्टी मी एकत्र ठेवल्या नाहीत.

ताईला फोन केला. ती म्हणाली, “लिहितंय ना? मग लिही त्याने.” मी लिहिते. पण टोपण हातात घेतलं की दर वेळी वाईट वाटतं. केसिनची जुनी पेनं तर याहून नाजूक असतात. केसिन दुधातल्या प्रथिनापासून करतात आणि ते पाण्यात फुगतं.

आता मी टोपण धूतच नाही. शाई खरोखर फटीत गेली असेल तरच, नाही तर नाही. इयरबड पाण्यात बुडवून पिळून घेते आणि आतल्या टोपणाची कड आणि आटे पुसते, लगेच कोरड्या इयरबडने तेच पुन्हा. पाणी वाहू द्यायचंच नाही. पारदर्शक टोपण धुवावंच लागलं तर साबणाचा एखादाच थेंब, आणि शेवटचं पाणी ऊर्ध्वपातित. नळाच्या पाण्यात क्षार असतात, ते फटीत वाळले की पांढरे डाग राहतात आणि तिथे पुसायला हात पोचत नाही. काही पेनांत टोपणाचा मुकुट फिरवून निघतो, क्लिप सुटते, आतलं टोपण बाहेर येतं. तसं असेल तर सोन्याहून पिवळं, प्रत्येक भाग वेगळा पुसून घ्यावा. पण आधी खात्री करावी. फिरत नसेल तर तो दाबून किंवा चिकटवून बसवलेला असतो, आणि पक्कड लावली की तुटतो.

शाई टोपणात जाते ती बहुतेक वेळा आपल्याच हाताने. बाटलीत निब बुडवून शाई भरली की निबेच्या मागच्या कड्यावर शाईचं वळं राहतं. निब आपण पुसतो, ते वळं विसरतो, टोपण लावतो. आतल्या टोपणाची कड नेमकी तिथेच टेकते आणि शाई फटीत ओढली जाते. म्हणून शाई भरल्यावर मी टिश्यू कड्याभोवती एकदा पूर्ण फिरवते आणि मग उलट्या दिशेने पुन्हा एकदा. टोपण ओढून काढायचं असेल तर हळू काढते. झटक्याने ओढलं की आतली हवा विरळ होते आणि निबेतून शाई बाहेर खेचली जाते. विमानाने जायचं असेल तर पेन पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामं करून नेते, कारण केबिनमधला हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो आणि अर्धवट भरलेल्या पोटातली हवा फुगून शाईला टोपणात ढकलते. निब वर ठेवली तर फुगलेली हवाच बाहेर जाते.

पारदर्शक पेन पुन्हा वापरात आहे. तारखेचा पहिला आकडा आणि आर्द्रतेचा शेवटचा आकडा आता एकाच रंगात येतात. टोपणाच्या वरच्या टोकाशी, फट जिथे बंद होते तिथे, एक केसाएवढी निळी रेघ मात्र राहिली आहे. ती वाळलेली आहे. आतलं टोपण उपटल्याशिवाय ती निघणार नाही, आणि मी ते उपटणार नाही. दर सोमवारी टोपण तराजूवर ठेवते. काल ९.४२ होतं.